९ वर्षांच्या मुलीसाठी पहिलं धनुष्य कोणतं घ्यावं? (नवरा थेट कंपाउंड, म्हणजे ते चाकांचं धनुष्य, म्हणतोय)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आधीच सांगते मला यातलं शून्य कळतं, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर हसा पण उत्तर द्या.

मुलगी ९ वर्षांची, चौथीत. मे महिन्यात उन्हाळी शिबिर होतं, आम्ही पोहायला घातलं होतं खरं पण बाईसाहेब शेजारच्या मैदानात धनुर्विद्येवाल्यांकडे जाऊन बसायच्या आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. खराट्याच्या हिरांचे बाण करून झाले, एक बाण सासूबाईंच्या तुळशीत घुसला, दुसरा कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. शेवटी गावाबाहेर एक सर शिकवतात तिथे घातलं, आठवड्यातून तीन दिवस, आता अडीच महिने झाले आणि एकदाही "आज नको" म्हणाली नाहीये (कथ्थकला चौथ्या दिवशी पोट दुखायला लागलं होतं त्यामुळे हे विशेष). अडचण एवढीच की तिथे मुलं बारा आणि लहान मुलांना झेपतील अशी धनुष्यं चार, म्हणजे दीड तासातला तासभर ही बाकीच्यांचे बाण वेचते. सर म्हणाले घाई नाही, पण जमत असेल तर स्वतःचं घ्या.

आता घरातली मतं ऐका. नवऱ्याने २०२३ ला आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून ते व्हिडिओ इतक्यांदा बघितलेत की तो म्हणतो घ्यायचं तर कंपाउंडच घ्यायचं, दोघं तेच मारतात. दिराचं म्हणणं ऑनलाइन अडीच हजारात सगळा सेट येतो, बाण टार्गेट सकट. आणि सासरे म्हणतात मोठं घ्या, पोरगी वाढती आहे, दोन वर्षांत परत खर्च नको. बजेट पंधरा हजार, फार तर वीसपर्यंत ताणू. काय करू?

दोन_मुलांचा_बाप
ताई तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं अजिबात ऐकू नका. मी नेमकं तेच केलं होतं. मुलगा दहाचा होता, दुकानदार म्हणाला २४ पाउंडाचं न्या साहेब वाढत्या अंगाचं आहे तीन-चार वर्षं बघायला नको, मलाही पटलं कारण आपण शाळेचा युनिफॉर्म, बूट, सायकल सगळं वाढत्या अंगाचंच घेतो ना. झालं काय की पोराला ते खेचायलाच यायचं नाही, म्हणून तो अख्खं अंग मागे टाकून, खांदा कानापर्यंत उचलून, मान वाकडी करून कसाबसा खेचायचा आणि खेचलं की लगेच सोडायचा, कारण धरून ठेवायची ताकदच नाही. बाण टार्गेटला लागायचा म्हणून मी खूश! टाळ्या वाजवायचो! चार महिन्यांनी खांदा दुखायला लागला, डॉक्टरांनी दोन महिने बंद ठेवायला सांगितलं, आणि परत सुरू केलं तेव्हा कोच म्हणाले याला नवीन शिकवणं सोपं होतं, आता आधी शिकलेलं पुसायला लागणार. ते पुसायला एक वर्ष गेलं. धनुष्य अजून माळ्यावर आहे, त्याला ते आता कुठे झेपायला लागलंय पण आता त्याची लांबी पुरत नाही. म्हणजे वाढत्या अंगाचं घेऊन ते एक दिवससुद्धा मापाचं झालं नाही.

बाणवाला_सातारा
मी कोच नाही, पण बारा-तेरा वर्षं मारतोय आणि आता रविवारी लहान पोरांना बघतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

वरच्या दादांनी वजनाचं सांगितलंच. धनुष्याचं 'पाउंडेज' म्हणजे ते पूर्ण खेचायला किती जोर लागतो ते, आणि लिम्बवर (धनुष्याच्या पात्यावर) जो आकडा छापलेला असतो तो साधारण २८ इंच खेचलं तर. नऊ वर्षांची मुलगी २८ इंच खेचूच शकत नाही, ती खेचणार वीस-एकवीस, त्यामुळे १६ लिहिलेलं धनुष्य तिच्या बोटांवर दहाच्या आसपासच येतं. या वयाला छापील १२ ते १६ च्या वर जाऊ नका. दुकानात तपासायची साधी पद्धत म्हणजे तिला हनुवटीपर्यंत खेचून तिथे दहा आकडे मोजायला सांगायचे. हात थरथरला, खांदा वर आला किंवा ती मागे झुकली तर जड आहे, परत ठेवा. आणि एकदा जमलं म्हणजे झालं असं नाही, एका सरावात तीस-चाळीस बाण तिला सारखेच खेचता आले पाहिजेत. धनुष्य तिला "अगदीच हलकं" वाटलं पाहिजे. पालकांना हे पटत नाही, पैसे दिलेत आणि धनुष्य खेळण्यासारखं वाटतंय म्हणून, पण या वयात तिला नेम शिकायचाच नाहीये, पाठीने खेचायला शिकायचंय.

माप कसं काढायचं? भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला सांगा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. ती तिची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे ती किती खेचणार तो अंदाज. त्यावरून धनुष्याची लांबी ठरते. वीसच्या आत असेल तर ५४ इंची, त्याच्या जरा पुढे असेल तर ५८ पण चालतं. फार आखूड धनुष्यात दोरी बोटांना चिमटते, फार लांब असेल तर लिम्ब नीट वाकतच नाहीत आणि बाण मेल्यासारखा जातो.

आता प्रकार. पहिलं म्हणून मी डोळे झाकून सांगेन, लाकडी रायझरचं, लिम्ब सुटे होणारं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घ्या, टेकडाउन म्हणतात त्याला. रायझर म्हणजे मधली मूठ, लिम्ब म्हणजे वरचं आणि खालचं पातं. सुटं घेण्याचा फायदा हा की ताकद वाढली की फक्त लिम्ब बदलायचे, मूठ तीच. म्हणजे वाढत्या अंगाचं हवंच असेल तर ते असं असतं. फक्त घेताना त्याच कंपनीचे त्याच मापाचे पुढच्या वजनाचे लिम्ब मिळतात का ते विचारून घ्या, स्वस्त धनुष्यांत बऱ्याचदा एकाचे दुसऱ्याला बसत नाहीत. दहा-बारा हजारांत होऊन जाईल, उरलेले बाकी सामानाला ठेवा.

आणि ते बाकी सामान धनुष्याइतकंच महत्त्वाचं आहे. फिंगर टॅब (बोटांना लावायचं चामडं, लहान मुलांच्या मापाचं, मोठ्यांचं कापून नको), आर्मगार्ड (नाहीतर दोरी कोपरावर असा फटका देते की पोरं महिनाभर धनुष्याला हात लावत नाहीत), चेस्टगार्ड, भाता, आणि बो स्ट्रिंगर. हे शेवटचं शंभर टक्के घ्या. दोरी चढवायला पाय घालून धनुष्य वाकवणारे लोक मी बघतो तेव्हा मला कसंतरीच होतं, लिम्ब पिळतो आणि मग तो सरळ होत नाही.

बाण अॅल्युमिनियमचे किंवा फायबरग्लासचे, कार्बन आत्ता नको. कार्बनला तडा गेला तर दिसत नाही आणि सुटताना फुटला तर चिरफळ्या हातात जातात, मोठी माणसं दर वेळी बाण वाकवून कान लावून तपासतात, नऊ वर्षांची मुलगी नाही तपासणार. बाण ड्रॉ लेंग्थपेक्षा दोन-अडीच इंच लांबच हवेत. आखूड बाण जास्त खेचला की टोक रेस्टवरून (बाण टेकवायची जागा) मागे येतं, आणि तिथून सोडला तर समोर तिचा स्वतःचा हात असतो. याच्यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

दिरांचा अडीच हजारांचा सेट... बाण रबरी टोकाचे असतील तर घरात भावंडांसोबत खेळायला ठीक आहे, खेळणंच आहे ते. धनुर्विद्या शिकायला नाही.

मिस्टरांचं कंपाउंडचं नंतर लिहितो, पोरं आली मैदानावर.

अमरावतीकर
सातारकर भाऊंनी सगळं बरोबर सांगितलं पण इंडियन राउंडचं नावच नाही घेतलं, आता काय म्हणावं!

ताई, आपल्याकडे बांबूचं धनुष्य असते न, त्याचा वेगळा प्रकारच आहे स्पर्धेत, इंडियन राउंड म्हणतात. शालेय स्पर्धेत बी इंडियन, रिकर्व्ह, कंपाउंड असे तिन्ही वेगवेगळे होतात. इंडियनमध्ये साइट (नेमाची खूण) नाही, स्टॅबिलायझर (तोल धरणारी दांडी) नाही, काहीच नाही, बांबू, दोरी अन् तुमचा डोळा. मोठ्यांचं अंतर ५० अन् ३० मीटर, लहान गटाला कमी. आमच्याकडे विदर्भात निम्मी पोरं इथूनच सुरू करतात कारण चार-पाच हजारात धनुष्य येऊन जाते, अन् शेतकऱ्याच्या पोराला रिकर्व्हचा पूर्ण किट कुठून झेपणार बापा, तो तर लाखाच्या वर जाते.

अन् गरिबीचा खेळ म्हणून हलका समजू नका. टोकियो ऑलिम्पिकला गेलेला प्रवीण जाधव तुमच्याच सातारा जिल्ह्यातला, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, आईबाप मजुरी करायचे. पोरगा आधी धावायचा, धनुष्य नंतर आलं, अन् घडला आमच्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत. त्याच्या घरी कोणी लिम्बचं पाउंडेज विचारत बसलं नव्हतं.

पण एक खरं सांगतो, बांबूच्या धनुष्यात दोन एकसारखे नसतात. एकाच कारागिराकडचे दोन घेतले तरी एक गोड अन् एक आडमुठं निघते. म्हणून ऑनलाइन मागवू नका, सरांना सोबत घेऊन जा, हातात घेऊन खेचून बघा, वरचं अन् खालचं पातं सारखं वाकते का ते बघा. अन् उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका कोणतंच धनुष्य. आमच्याकडे मे महिन्यात ४५ जाते पारा, एका पोराच्या रिकर्व्हचे लिम्ब डिक्कीतच सोलले, कागदासारखे थर सुटले. सराव झाला की दोरी उतरवायची, थंड जागी ठेवायचं.

मास्तर
शाळेत खेळ शिकवतो, आमच्याकडेही इंडियनच आहे, त्यामुळे अमरावतीकरांशी सहमत. फक्त ताईंना एक विचारायचं होतं, तुम्हाला हे दहावीच्या ग्रेस मार्कांसाठी नकोय ना? रागावू नका, पण दर वर्षी पाच-सात पालक येतात, पोरगं आठवीत, "सर कोणत्या खेळात लवकर राज्यापर्यंत जाता येईल", आणि मग इंडियन राउंडला स्पर्धक कमी म्हणून तिकडे ढकलायचं.

कृष्णाकाठची
सर, ती चौथीत आहे हो! दहावीचं अजून मनातही नाही. (नवऱ्याच्या मनात असेल तर माहीत नाही, विचारते.)

आणि 'लिम्ब' वाचून सासूबाई विचारत होत्या धनुष्याला लिंबाचं लाकूड का. मी हो म्हणून टाकलं.

ओहायोची_वैनी
इथे अमेरिकेत माझा मुलगा शाळेत करतो म्हणून कंपाउंडबद्दल थोडं. इथे शाळांमध्ये नॅस्प नावाचा कार्यक्रम आहे, २००२ ला शेजारच्या केंटकीत सुरू झाला, त्यात सगळी मुलं एकच धनुष्य वापरतात, जेनेसिस म्हणून. दिसायला कंपाउंडच, चाकं वगैरे, पण त्याला 'लेट-ऑफ' नाही (पूर्ण खेचल्यावर वजन कमी होतं ते) आणि ड्रॉ लेंग्थ ठरलेली नाही, १५ इंचापासून ३० इंचापर्यंत कोणीही खेचू शकतं, वजन १० ते २० पाउंडात कमीजास्त होतं. म्हणजे चौथीतली मुलगी आणि तिची मॅडम दोघी तेच धनुष्य वापरतात. तुमच्या मिस्टरांना चाकंच हवी असतील तर हा मधला रस्ता आहे, पण भारतात मिळतं का, केवढ्याला पडेल, आणि दोरी तुटली तर कोण बदलून देईल ते आधी बघा. इथे गावात दुकान आहे म्हणून चालतं. आणि आपल्याकडच्या कंपाउंड स्पर्धांत ते घेऊन उतरण्यात काही अर्थ नाही, फारच हलकं पडेल.

दुसरं म्हणजे इथे कोणी पहिल्या दिवशी विकतच घेत नाही. क्लबचं धनुष्य सहा-आठ महिने, मग विकत. काही ठिकाणी लिम्ब भाड्याने मिळतात. तुमच्या सरांना विचारून बघा, बारा पालकांनी मिळून दोन धनुष्यं क्लबला घेतली तर प्रत्येकाचे दोन-अडीच हजारच जातील.

बाणवाला_सातारा
वैनींची आयडिया भारी आहे पण बारा मराठी पालक पैसे काढायला एकमताने तयार होतील तोवर मुलगी कॉलेजला जाईल 😄

तर कंपाउंड. ताई मिस्टरांना सांगा अदिती आणि ओजस दोघांबद्दल आम्हाला इथे जो अभिमान आहे तो तुम्हाला लिहून सांगता येणार नाही. ओजसने फायनलला १५० पैकी १५० मारले, अदितीने १४९, आणि ती तेव्हा फक्त १७ ची होती, उसाच्या शेतात थाटलेल्या अकॅडमीत शिकलेली पोरगी. पण तो जो बो व्हिडिओत दिसतो तो दोन-तीन लाखांचा असतो, आणि पैसे बाजूला ठेवले तरी नऊ वर्षांच्या मुलीला त्यात अडचण अशी की कंपाउंडमध्ये ड्रॉ लेंग्थ कॅमवर (त्या चाकांवर) सेट केलेली असते, खेचलं की एका जागी भिंत लागल्यासारखं थांबतं. मूल वाढलं की ती भिंत चुकीच्या जागी येते, परत सेट करायची, कधी मॉड्यूल (कॅमचा सुटा भाग) बदलायचं, दोरी बदलायला प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो, तो प्रत्येक गावात नसतो. शिवाय पूर्ण खेचल्यावर वजन एकदम सत्तर-ऐंशी टक्के कमी होतं, त्यामुळे धरून ठेवणं सोपं जातं, आणि तेच लहानपणी नकोय, कारण पाठ वापरायची सवयच लागत नाही. हे माझं मत, याच्या उलट मत असणारे चांगले कोच पण आहेत.

ऑलिम्पिकचा मुद्दा काढला तर आत्तापर्यंत तिथे रिकर्व्हच होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिक्स्ड टीम पहिल्यांदा येतेय, त्यामुळे मिस्टर अगदीच चुकीचे नाहीत, फक्त चार-पाच वर्षं लवकर आहेत. तेरा-चौदाला ठरवा. आमच्याच जिल्ह्यातला पार्थ साळुंखे २०२३ ला ज्युनियरमध्ये रिकर्व्हचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याचेही व्हिडिओ दाखवा त्यांना, एकाच बाजूचे बघून चालत नाही.

इंडियनबद्दल अमरावतीकर काका बरोबर आहेत, मी विसरलो, कान पकडतो. तुमचे सर इंडियन शिकवत असतील तर सरळ तेच घ्या, वाद नको. जे सर शिकवतात आणि जे सरांना दुरुस्त करता येतं ते घ्यायचं.

हां, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. विकत घ्यायच्या आधी तिचा डोळा तपासा. दोन्ही हात पुढे सरळ करून पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी त्रिकोणी फट करायला सांगा, त्यातून लांबचं काहीतरी बघायला सांगा, घड्याळ, स्विचबोर्ड, काहीही. मग हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. फट ज्या डोळ्यापाशी येते तो तिचा मुख्य डोळा, नेम त्यानेच धरला जातो, म्हणून खेचायचा हात शक्यतो त्याच बाजूचा हवा. किंवा दोन्ही डोळे उघडे ठेवून बघताना एकेक डोळा मिटायचा, जो मिटल्यावर फटीतलं घड्याळ पळतं तो मुख्य. सांगू नका तिला कशासाठी ते, नाहीतर मुद्दाम उजवाच दाखवेल.

कृष्णाकाठची
अहो काय सांगू! माप घेतलं, १३२ सेंटिमीटर पसरलेले हात, अडीचने भागून ५२.८ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम २१ इंच. इथपर्यंत ठीक. मग डोळा तपासला. चार वेळा तपासला, नवऱ्याने एकदा, मी दोनदा, सासऱ्यांनी एकदा (आता त्यांनापण इंटरेस्ट आलाय). चारही वेळा डावा! आणि ती जेवते लिहिते सगळं उजव्या हाताने. अडीच महिने ती उजव्या हाताने खेचतेय. सर म्हणाले होते तिचे बाण सारखे एका बाजूला का जातात कळत नाही, ते यामुळे का? आता काय करायचं?

बाणवाला_सातारा
बहुतेक यामुळेच, पण सगळा दोष डोळ्यावर टाकू नका, टॅबमधून दोरी वाकडी सुटली तरी जातात.

माझं म्हणणं हात बदला. म्हणजे उजव्या हाताने धरायचं आणि डाव्याने खेचायचं, 'लेफ्ट हँड बो'. नऊ वर्षांची आहे, अडीच महिनेच झालेत, दोन आठवड्यांत बसेल. तीस वर्षांच्या माणसाला मी हे कधीच सांगणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, राइट हँड बो म्हणजे उजव्या हाताने खेचायचा, धरायचा डाव्या हातात. हे उलटं समजून कित्येक लोक चुकीचा घेऊन येतात, दुकानात बॉक्स उघडून रेस्टची बाजू बघूनच पैसे द्या.

मास्तर
इथे मी असहमत. उजव्या हाताच्या मुलांना डाव्याने खेचायला लावलं की ताकद आणि ताबा दोन्ही कमी पडतात, मूल कंटाळतं. डाव्या डोळ्यावर पट्टी किंवा टोपीला छोटा पुठ्ठा लावा, दोन-तीन महिन्यांत मेंदू उजव्या डोळ्याची सवय करून घेतो. माझ्याकडे दोन मुली अशाच आहेत, एक विभागापर्यंत गेली. शिवाय लेफ्ट हँडचं सामान मिळायला किती त्रास, सेकंडहँड तर जवळपास नाहीच, आणि क्लबमधली चारही धनुष्यं राइट असतील, मग ती मुलगी दुसऱ्याचं कधीच वापरू शकणार नाही.

बाणवाला_सातारा
सामानाचा मुद्दा मान्य, मेंदूचा नाही. पट्टी लावून मारणारे आहेत आणि चांगले मारतात, पण आयुष्यभर पट्टी कशाला, आत्ता बदलायची संधी असताना. ताकद कमी पडते म्हणूनच म्हटलं १२ पाउंडाचं घ्या. असो, शेवटी सर तिला रोज बघतात, आपण इथून बघत नाही. ताई, बांबूचं असेल तर एक फायदा बघा, बऱ्याच साध्या धनुष्यांना डावं-उजवं नसतंच, बाण कोणत्या बाजूला ठेवायचा एवढाच प्रश्न. तेच घेऊन दोन्ही हातांनी आठ-आठ दिवस मारून बघता येईल.

दोन_मुलांचा_बाप
हे डोळ्याचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. आत्ता पोराचा तपासून आलो. उजवा निघाला, हुश्श.

ताई, घरी सराव करणार असाल तर एक सांगतो. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचो, मागे भिंत होती म्हणून निर्धास्त, आणि एकदा बाण भिंतीवर आपटून उलटा आला. कोणाला लागला नाही हे नशीब. मागे भिंत नको, जाड बट (बाण रुततो तो गठ्ठा) आणि त्याच्यामागे जाड कापड किंवा जाळी सैल टांगलेली हवी, आणि बाजूने येण्याजाण्याची वाट नको. आणि मुलांना पहिल्या दिवसापासून शिट्टीची सवय लावा, मैदानावर असते तशीच. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर, एक झाली की मारायचं, तीन झाल्या की बाण आणायला, आणि सलग पाच किंवा जास्त ऐकू आल्या तर हातातलं तिथेच थांबवायचं. आमच्या घरी आता जेवायला बोलवायलासुद्धा तीन शिट्ट्या लागतात.

अमरावतीकर
अन् बाण न लावता दोरी खेचून सोडायची नाही, कधीच नाही, पाहुणे आले अन् "दाखव न बाळा" म्हणून हातात घेऊन टण्णकन सोडून देतात. बाणात जाणारी सगळी ताकद लिम्बमध्येच परत जाते, तडकते. धनुष्य पाहुण्यांच्या हाती देऊ नका, चहा द्या.

कृष्णाकाठची
पंधरा दिवसांनी अपडेट देतेय, उशीर झाला, चाचणी परीक्षा होती.

सरांना डोळ्याचं सांगितलं, ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले हे मीच पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. मला बरं वाटलं, उगाच सारवासारव नाही केली. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या बारा मुलांचे तपासले, अजून एक मुलगा तसाच निघाला. त्यांच्याकडे कोपऱ्यात एक जुनं बांबूचं होतं, ते दिलं आणि म्हणाले डाव्या हाताने खेच, कागदाचं टार्गेट काढून टाकलं, तीन मीटरवरून नुसत्या बटवर मारायचं, नेम धरायचाच नाही. पहिले तीन दिवस चिडचिड झाली, रडली पण एकदा, मास्तर सर म्हणत होते तसं. मी मनात म्हटलं संपलं, कथ्थकच्या वाटेने जातंय. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली आई या हाताने दोरी तोंडाला नीट लागते.

मग गेल्या रविवारी सरांना घेऊन गेलो आणि रिकर्व्ह टेकडाउनच घेतलं, लेफ्ट हँड, ५४ इंची, १४ पाउंड. ५८ पण खेचून बघितलं पण तिला ते उंच वाटत होतं. दुकानात लेफ्ट एकच होतं, दुकानदार आधी म्हणाला राइट न्या काही फरक पडत नाही. नवऱ्यानेच त्याला सुनावलं, आणि ते सुद्धा त्रिकोण करून दाखवून! बॉक्स उघडून रेस्टची बाजू बघितली. साडेअकरा हजार, टॅब, आर्मगार्ड, चेस्टगार्ड, स्ट्रिंगर, भाता आणि आठ अॅल्युमिनियमचे बाण धरून साडेसोळा. तिने दुकानात दहा आकडे मोजले आणि मग "अकरा बारा तेरा" करत सुटली, शेवटी सरांनी बास म्हटलं.

सासरे म्हणतात फार हलकं घेतलंत. ते स्वतः खेचायला गेले होते, बाण न लावता. मी तीन शिट्ट्या मारल्या. नंतर आठवलं, पाच मारायच्या होत्या.